अंगावरून वारं गेलं, आकडी आली, मान पडली: दवाखाना गाठण्याआधी काय पाहायचं?

वाघूरकाठ (धागाकर्ती) – सोमवार, रात्री १०.१५

मी जळगाव जिल्ह्यात रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. छातीत कळ आली की आता खेड्यातली माणसंही लगेच गाडी बोलावतात. मेंदूच्या बाबतीत अजून तसं होत नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आधी तेल गरम होतं, कुणीतरी कबुतराच्या रक्तासाठी धावतं आणि आम्हाला फोन येतो दुपारी. तोवर सकाळ हातची गेलेली असते.

मला एकच गोष्ट पटवायची आहे. मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारात गाडी किती पळाली यापेक्षा ती सुटण्याआधी काय विचारलं आणि काय पाहिलं, यावर जास्त ठरतं. आपल्याकडे अंतरं मोठी आहेत, ती माझ्या हातात नाहीत. ही विचारपूस मात्र आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

पहिला प्रश्न: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? ‘कधी लक्षात आलं’ हा वेगळा प्रश्न आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन (अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज) साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास माणूस ठीक होता त्या शेवटच्या क्षणापासून मोजतात. आजोबा रात्री १० ला झोपले आणि सकाळी ६ ला लुळे सापडले, तर कागदावर आठ तास गेले. म्हणून मी घरच्यांना खोदून विचारते. पहाटे लघवीला उठले होते का? म्हशीला चारा कुणी टाकला? मोबाईलवर शेवटचा फोन किती वाजता झाला? पहाटे ५ ला मुलाशी नीट बोलल्याचं फोनवर दिसलं, तर सगळा हिशेबच बदलतो. वेळ सापडलीच नाही तरी सोडून द्यायचं नाही. एमआरआय करून काही जणांना इंजेक्शन देता येतं, आणि मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढतात.

दुसरी गोष्ट, साखर. लकवा समजून बोलावलेल्या कुणाचीही बोटावरची साखर मी आधी बघते. साखर खूप उतरली की एक बाजू लुळी पडू शकते, बोलणं बरळल्यासारखं होतं, आकडीही येते. सध्या श्रावण आहे. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि दिवसभर उपास, असे वडीलधारे घरोघर आहेत. ६० च्या खाली साखर सापडली आणि शिरेतून ग्लुकोज दिलं, की काही मिनिटांत माणूस उठून बसतो. घरच्यांना वाटतं संपलं. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी साखर पुन्हापुन्हा उतरते, त्यामुळे उठून बसलेल्यालाही भरती करावंच लागतं.

तिसरी गोष्ट, चेहरा, हात, बोलणं. दात दाखवून हसायला सांगा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा आणि १० सेकंद पाहा, एक हात खाली घसरतो का. एखादं नेहमीचं वाक्य म्हणायला सांगा. सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी ही तपासणी रुग्णवाहिकेसाठीच बसवली. तिन्हींपैकी एक जरी बिघडलेलं दिसलं तरी लकव्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. त्यात आता तोल आणि नजर यांचीही भर पडली आहे. अचानक झोक जाणं, एकाचे दोन दिसणं, एका डोळ्याची दृष्टी जाणं हेही लकव्याचं असू शकतं.

काय करू नये तेही सांगते. तोंडातून पाणी, चहा, गोळी काही देऊ नका, गिळणं बिघडलेलं असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. रक्तदाब जास्त दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. अडलेल्या भागात रक्त ढकलण्यासाठी शरीर स्वतःच दाब वाढवतं. लकव्याच्या रुग्णाचा २२०/१२० पर्यंतचा दाब आम्ही रस्त्यात खाली आणत नाही.

आकडी, सर्पदंश, डोक्याचा मार, फवारणीची बाधा यांबद्दल प्रश्न विचारा. इथे अनुभवी मंडळी आहेत, त्यांनीही लिहावं.

यावलचा_पाहुणा – सोमवार, रात्री १०.५०

ताई, सगळं पटलं, एक सोडून. जवळच्या दवाखान्यात आधी सलाईन लावलं, जरा स्थिर केलं आणि मग पुढे नेलं तर काय बिघडतं? वाटेत काही झालं तर जबाबदार कोण? आमच्याकडे लोक हेच करतात, आणि डॉक्टरही आधी आमच्याकडे आणा असंच म्हणतात.

वाघूरकाठ – सोमवार, रात्री ११.१०

भाऊ, तुमची भीती खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. श्वास अडखळतोय, आकडी थांबत नाही, पेशंट बेशुद्ध आहे आणि घशात घरघर आहे, तर जवळचाच दवाखाना. तिथे श्वासाची वाट मोकळी करायची, मग पुढे.

पण पेशंट शुद्धीत आहे, श्वास नीट आहे आणि एक बाजू लुळी आहे, तर सीटी नसलेल्या ठिकाणी थांबून त्याला मिळणार काय? सलाईन हा लकव्यावरचा उपचार नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला आहे. कागदपत्रं, सलाईन, पुन्हा गाडीची वाट, यात तास सहज जातो.

म्हणून निघतानाच फोन करायचा. सीटी मशीन आत्ता, या वेळेला चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन ठेवलेलं आहे का? ते देणारे डॉक्टर आहेत का? तिन्हींना ‘हो’ आलं की तिकडेच. असा दवाखाना जवळ असेल आणि नळीने गुठळी काढायची सोय मोठ्या शहरात असेल, तर जवळच्या ठिकाणी इंजेक्शन सुरू करून पुढे पाठवता येतं. तिथे थांबणं सार्थकी लागतं.

आणि आम्ही फोनवर सांगतो ते वाक्य असं असतं: ‘वय ६२, शेवटचे ठीक ७.२० ला, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद, साखर १३८, दाब १९०/१००, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही, ४० मिनिटांत पोचतो.’ एवढं कळलं की तिकडे सीटीचं टेबल मोकळं ठेवतात.

धडगावची_आशाताई – मंगळवार, सकाळी ७.३०

नमस्कार डॉक्टर ताई. आमच्या पाड्यांवर गाडी येतच नाही, झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तरी तुमचा ‘शेवटचं ठीक कधी’ हा प्रश्न मी वहीत लिहून घेतला, कारण झोळी निघते तेव्हा घरची बाई मागे राहते आणि नेमकं तिलाच माहीत असतं. पुढे दवाखान्यात गेलेल्या पुरुषांना काही सांगता येत नाही.

बोलण्याच्या तपासणीबद्दल सांगायचं आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या पावरी किंवा भिली बोलतात. त्यांना मराठीत वाक्य म्हणायला सांगितलं तर त्या अडखळणारच, आणि कागदावर ‘बोलणं अस्पष्ट’ येतं. सोबतच्या माणसाला विचारलं पाहिजे, हिचं रोजचं बोलणं असंच आहे का?

आणि एक विचारायचं होतं. गरोदर बाईला आकडी आली तर रस्ता लांब असताना आम्ही काय करायचं?

वाघूरकाठ – सकाळी ८.०५

आशाताई, तुमचे दोन्ही मुद्दे आमच्या प्रशिक्षणात यायला हवेत. वही दवाखान्यापर्यंत पाठवत जा.

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर, किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांतही आकडी आली, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती वाढलेल्या रक्तदाबाची आकडी धरायची. डाव्या कुशीवर वळवा, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्या, दाब मोजा. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, प्रत्येक कुल्ल्यात खोलवर ५ ग्रॅम, उपकेंद्रातल्या प्रशिक्षित सिस्टरलाही पुढे पाठवण्याआधी देता येतो. तो दिल्याशिवाय लांबचा रस्ता धरू नये, आणि किती वाजता दिला हे चिठ्ठीवर असलंच पाहिजे. आकडीच्या आधी बहुतेकदा डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटाच्या वरच्या भागात दुखतं. घरभेटीत हे विचारत राहा, त्यानेच बाई वाचते.

पिंपळनेर_मास्तर – सकाळी ९.२०

शाळेत मुलाला फिट आली की कुणीतरी कांदा फोडतं, कुणी चप्पल नाकाला लावतं, आणि खरंच मूल शुद्धीवर येतं. पालकांना कसं समजवायचं?

वाघूरकाठ – सकाळी ९.५०

मास्तर, बहुतेक आकड्या एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा सापडून, फोडून, नाकाशी येईपर्यंत तेवढाच वेळ जातो, म्हणून श्रेय कांद्याला मिळतं. पालकांना एवढंच सांगा की कांद्याच्या जागी कुणीतरी घड्याळ हातात घ्यावं.

मोबाईलवर वेळ लावा. आजूबाजूचं बाक, दप्तर हटवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा किंवा बोट घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटं होऊनही थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर ती आणीबाणी. तशी आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. आमच्याकडे तेव्हा मिडाझोलाम देतात, दंडात किंवा नाकात. ज्या मुलांना वरचेवर आकडी येते त्यांच्या पालकांनी नाकात मारायचा फवारा डॉक्टरांकडून लिहून घेऊन शाळेत ठेवावा. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि मिळूही नये. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते.

शक्य असेल तर एकाने लांबून व्हिडिओ काढून ठेवा, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी. सुरुवात कुठल्या हातापासून झाली, मान कुठे वळली, डोळे उघडे होते का, हे त्यात दिसतं. आकडीनंतर काही तास एक हात-पाय लुळा राहू शकतो. पाहणाऱ्याला तो लकवा वाटतो. म्हणून ‘आधी झटके आले होते’ हे सांगायला विसरू नका.

भुसावळ_जंक्शन – सकाळी ११.००

मी रेल्वेत, यार्डात असतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. गँगमधला माणूस बरळायला लागला, चालता चालता पडला, तर ऊन लागलं की लकवा, हे कसं ओळखायचं?

वाघूरकाठ – सकाळी ११.४०

अंगाला हात लावा. भट्टीसारखं तापलेलं अंग आणि बिघडलेली शुद्ध एकत्र आली की उष्माघात धरून चाला. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हे चूक; अंगमेहनत करणाऱ्याला भरपूर घाम असूनही होतो. यात आधी थंड करायचं, मग हलवायचं. लकव्याच्या अगदी उलट. सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बसवायची सोय असेल तर उत्तम, पण डोकं वर धरणारा माणूस हवा. तापमान ३९ च्या खाली आलं की थांबा. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही. साखर याचीही बघायची.

एक बाजू स्पष्ट लुळी आणि अंग थंड, तर लकव्याची वाट धरा. आणि ताप असलेला बेशुद्ध माणूस सातपुड्याच्या पायथ्याचा असेल, तर मेंदूचा मलेरिया डोक्यात ठेवा. पावसाळ्यानंतर तर नक्कीच.

शिरपूर_शेतमळा – दुपारी २.१५

आम्ही रात्री वीज येते तेव्हा पाणी भरायला मळ्यात झोपतो, खाली गोधडी टाकून. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मळ्यातला सालदार पहाटे पोट दुखतंय म्हणाला, उलटी झाली, ॲसिडिटीची गोळी दिली. दिवस उजाडेपर्यंत डोळे उघडेनात. अंगावर कुठे साप चावल्याची खूण नव्हती. नंतर तो वाचला, पण हे नेमकं काय होतं ते आम्हाला कुणी नीट समजावलं नाही.

रात्रपाळी_धुळे – दुपारी ३.३०

मी धुळ्यात मेडिसिनला निवासी डॉक्टर आहे. शेतमळा भाऊ, तुम्ही लिहिलेलं वर्णन मण्यारचं आहे.

काळसर निळा साप, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्या, बऱ्याचदा जोडीजोडीने. रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याच्या अंगाशी येतो आणि झोपेत चावतो. दात इतके बारीक की दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. माणूस उठतो तो पोटदुखीने. पुढे पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, आवाज नाकातून येतो, थुंकी गिळता येत नाही, मान धरवत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हा लकवा वरून खाली उतरत जातो. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि मिटत्या पापण्या घेऊन आला, तर खूण शोधत बसू नका.

गाडीत काय पाहायचं: वर बघायला सांगा, पापण्या किती वेळ उघड्या राहतात. जीभ दातांच्या बाहेर काढायला सांगा. उशीवरून डोकं उचलायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका श्वासात आकडे मोजायला सांगा, त्याच्या रोजच्या भाषेत, अहिराणीत मोजत असेल तर अहिराणीत. दर १० मिनिटांनी पुन्हा, आणि आकडा लिहून ठेवा. २० पर्यंतही पोचत नसेल तर काळजी, १० च्या आत आला तर श्वास देण्याची तयारी. बोटावरच्या मशीनमधला ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत ९७-९८ दाखवत राहतो, त्यावर विसंबू नका. तो पडायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, रक्त ओढू नका. चावलेला भाग फळीला बांधून न हलवता न्या. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकत्र चालते, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. लहान मुलाला डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने विष वजन बघून टाकलेलं नसतं. नागाच्या विषावर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन उपयोगी पडतं. मण्यारचं विष मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतं, तिथे ते बहुधा लागू पडत नाही, आणि ते टोक दुरुस्त व्हायला दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटर हाच उपचार.

हे वाक्य मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं. मण्यारच्या पूर्ण लकव्यात माणूस मेल्यासारखा दिसतो. बुबुळ पसरलेलं, टॉर्चला हालत नाही, हात-पाय नाहीत, श्वास नाही. तरी आत तो जागा असू शकतो, ऐकत असतो. नाडी आहे तोवर गाडीतल्या श्वास द्यायच्या पिशवीने (अंबू बॅग) श्वास देत राहा, मग रस्ता कितीही लांब असो. गाडीतला एक माणूस पिशवी दाबत राहिला, एवढ्यावर असे रुग्ण घरी परत गेले आहेत. त्याच्याशी बोलत राहा, आणि त्याच्यासमोर ‘संपलं’ म्हणू नका.

मळ्यात झोपणाऱ्यांना हात जोडून सांगतो: खाट वापरा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

रात्रपाळी_धुळे – दुपारी ३.५०

राहिलेलं लिहितो. दोन्ही पाय किंवा चारही हातपाय लुळे पडणं म्हणजे बहुधा नेहमीचा लकवा नव्हे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिया बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा हे नाव सगळ्यांना कळलं. जुलाब किंवा सर्दी-खोकल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी पायांपासून शक्ती जात वर चढते, मुंग्या येतात, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. यातही श्वासाचे आकडे मोजायचे. नाडी आणि दाब अचानक वरखाली होतात म्हणून मॉनिटर लावूनच हलवावं.

दुसरं, उन्हाळ्यात तरुण मुलगा रात्री लग्नाच्या पंगतीत भरपेट जेवून झोपला आणि सकाळी हातपायच हालत नाहीत, पण बोलणं आणि शुद्ध अगदी चोख. पोटॅशियम पडलेलं असू शकतं. इथे अशक्तपणा समजून ग्लुकोजची बाटली लावली तर पोटॅशियम आणखी पडतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. साखर तपासा, ईसीजी काढा, ग्लुकोज लावू नका.

तोंड वाकडं झालेल्या प्रत्येकाला लकवाच असतो असंही नाही. कपाळाला आठ्या घालायला सांगा. त्या बाजूच्या आठ्याही गेल्या, डोळाही मिटत नाही, हातपाय आणि बोलणं ठीक आहे, तर चेहऱ्याच्या नसेचा आजार असण्याची शक्यता जास्त. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा वाचतं. शंका असेल तर लकवा धरूनच पळा.

चालक_पारोळा – सायंकाळी ५.१०

मी रुग्णवाहिका चालवतो, सुरत-नागपूर महामार्गावर. अपघातात डोक्याला मार लागलेला पेशंट बडबड करतो, शिव्या देतो, लोक म्हणतात दारू प्यायलाय, झोपू द्या. आम्ही अशाला झोपू देत नाही. लोकांना सांगा की हेल्मेट ओढून काढू नका आणि जीपमध्ये अंगाची घडी करून टाकू नका. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील म्हणून माणसं लांब उभी राहतात, तेही बोला ताई.

वाघूरकाठ – सायंकाळी ५.४५

दादा म्हणतात ते अगदी बरोबर. तोंडाला दारूचा वास असला तरी डोक्यात रक्त साचू शकतं, आणि वासामुळेच ते सुटून जातं. एकदा शुद्धीवर येऊन नीट बोललेला माणूस तासाभराने पुन्हा गुंगला, तर कवटीच्या आत रक्त वाढतंय असं समजा. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये जी मोजणी बसवली, ती आम्ही दर थोड्या वेळाने करतो: डोळे कशाने उघडतो, काय बोलतो, सांगितलं तर करतो का. ३ ते १५ गुण. एका आकड्यापेक्षा तो घसरतोय का, हे पाहायचं असतं. एक बुबुळ मोठं झालं, नाडी मंदावली आणि दाब चढला, की मेंदूवर दाब वाढतोय.

मानेला मार असू शकतो, म्हणून डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून वळवा. हेल्मेट काढायलाच लागलं तर एकाने मान धरायची, दुसऱ्याने काढायचं. श्वास अडत असेल तर मात्र श्वास आधी. पाय हालवता येतात का, स्पर्श कळतो का, लघवीवर ताबा आहे का, हे हलवण्याच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा.

मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलं आहे. नाव सांगण्याची सक्ती होत नाही. बिनधास्त थांबा.

कपाशीवाला_अमळनेर – सायंकाळी ७.०५

धागा वाचत होतो आणि हातपाय गार पडले. वडिलांनी रविवारी सकाळी कपाशीवर फवारणी केली. दुपारी घाम, लाळ, उलटी, डोळ्यांतून पाणी. दवाखान्यात इंजेक्शनं दिली, रात्री बरं वाटलं, सोमवारी घरी आणलं. आज दुपारपासून म्हणतायत मान जड झाली, पाणी पिताना ठसका लागतोय. अशक्तपणा असेल म्हणून मोसंबीचा रस देतोय. हे त्यातलंच आहे का?

वाघूरकाठ – सायंकाळी ७.०९

रस बंद करा. १०८ लावा, मग पुढचं वाचा.

त्यांना उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगा. आणि एका श्वासात किती मोजतात ते पाहा. मला इथेच सांगा.

कपाशीवाला_अमळनेर – सायंकाळी ७.१४

गाडी निघाली म्हणाले. डोकं उचलता येत नाही. १३ पर्यंत मोजलं. औषध प्रोफेनोफॉस.

वाघूरकाठ – सायंकाळी ७.१८

भाऊ, ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने हे होतं. पहिल्या दिवसाची लाळ-घाम ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत मान, खांदे, गिळणं आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. ॲट्रोपिनने लाळ थांबते, हे थांबत नाही. ज्या दवाखान्यात व्हेंटिलेटर मोकळा आहे तिथेच न्यायचं, फोन करून खात्री केल्यावरच.

डोकं थोडं उंच करून कुशीवर ठेवा. औषधाची बाटली पिशवीत घालून सोबत घ्या, लेबलसकट. रविवारी घातलेले कपडे अजून घरात असतील तर हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, आईला धुवायला देऊ नका. त्यांचं अंग, केस, नखांच्या कडा साबणाने धुतल्या होत्या का? नसतील तर गाडी येईपर्यंत धुवा. गाडीतल्या डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: फवारणी रविवारी सकाळी, मान आज दुपारपासून, ७.१४ ला १३ आकडे.

चालक_पारोळा – सायंकाळी ७.२५

भाऊ, घराच्या वळणावर कुणालातरी टॉर्च घेऊन उभं करा. गल्लीत ट्रॅक्टर लावलेला असेल तर आत्ताच काढा.

रात्रपाळी_धुळे – सायंकाळी ७.३१

आणि एक जण सोबत बसून आकडे मोजून घेत राहा. १० च्या खाली आले तर गाडीतल्या डॉक्टरांना लगेच सांगा, वडील झोपलेत म्हणून मोजणं थांबवू नका.

कपाशीवाला_अमळनेर – बुधवार, दुपारी १२.४०

रात्री गाडीतच आकडा ९ वर आला. डॉक्टरांनी पिशवीने श्वास दिला. दवाखान्यात तयारच होते, पोचल्या पोचल्या नळी टाकली. आता व्हेंटिलेटरवर आहेत, डोळ्यांनी ओळख देतात. डॉक्टर म्हणाले काही दिवस लागतील पण स्नायू परत येतात. सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. घरी आल्यावर काही काळजी घ्यायची असते का?

वाघूरकाठ – बुधवार, दुपारी १.३०

फार बरं वाटलं वाचून. त्यांच्याशी बोलत राहा, ऐकू येतंय त्यांना.

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येणं, तळपायांना मुंग्या, चालताना पाऊल घसटणं, चप्पल पायातून निसटणं, यातलं काही दिसलं तर मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. काही ऑर्गेनोफॉस्फेट औषधांनी नसांना उशिरा इजा होते, आणि तेव्हा फवारणीशी तिचा संबंध कुणी जोडत नाही. दवाखान्याच्या कागदावर औषधाचं नाव आणि तारीख लिहून घ्या. उरलेल्या कपाशीवर या हंगामात त्यांना पंप लावायला देऊ नका, औषधाने निकामी केलेलं त्यांच्या शरीरातलं विकर (एन्झाइम) भरून यायला आठवडे लागतात. जो फवारेल त्याने पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि मास्क वापरावा, वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करावी, आणि जेवणाचा डबा शेताच्या बांधावर उघडा ठेवू नये.